बशीतलं पाणी

पान पडलं ते थेट तिच्या पोटावर, टाक्यांच्या किंचित वर, आणि ती दचकली. खरं तर दचकण्यासारखं त्यात काही नव्हतं. वीतभर लांबीचं एक पिवळं पडलेलं पान, अंगावर रजई, रजईवर शाल. त्याचं वजन ते कितीसं! पण खोलीत दुसरं कुणी नव्हतं, थंडी आत येऊ नये म्हणून खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या, हवा जागची हलत नव्हती, आणि अशा वेळी आपलं आपण सुटून पान खाली आलं याची तिला भीती वाटली. तिने ते उचलून उजेडात धरलं. देठाशी मऊ झालं होतं. मान वर करून पाहिलं तर सोफ्याच्या उशाशी उभं असलेलं रबराचं झाड, जे छताला टेकायला हातभरच कमी होतं, खालच्या अंगाला सगळंच पिवळट दिसत होतं. वरची पानं होती हिरवी, पण खांदे पाडून बसलेली. आणि तिच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते काही फार शोभण्यासारखं नव्हतं. तिला बरं वाटलं. या घरात निदान एका जिवाचं तरी माझ्यावाचून अडलं, असं तिला वाटलं, आणि लगेच त्या वाटण्याची लाज वाटून तिने पान रजईखाली लपवलं.

कारण बाकी कशाचंच अडलं नव्हतं. दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा जिन्यात पाय ठेवताना तिने मनाची तयारी केली होती की स्वयंपाकघर म्हणजे रणांगण असणार, कपड्यांचे ढीग असणार, सासूबाईंच्या गोळ्यांची अदलाबदल झालेली असणार. प्रत्यक्षात दार उघडलं तर घर लखलखीत. कप कडीला, टॉवेल दांडीला, गोळ्या वारांच्या डब्यांत. फ्रीजमध्ये झाकणं लावलेली भांडी. तिच्या नवऱ्याने तिची बॅग उचलून आत ठेवली आणि विचारलं, "चहा ठेवू?" सासूबाई म्हणाल्या, "आलीस? बरं झालं. सोफ्यावर पड, तिथे ऊब आहे." धाकट्या दिराने दारातूनच, "वहिनी, चेहरा उजळलाय हं, दवाखाना मानवला," असं म्हणून आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. बस्स. जणू ती बाजारात जाऊन आली होती. पोटात गाठ निघाली, ती काढली, ती साधी होती की दुसरी कसली हे कळेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला असेल असं तिने दवाखान्याच्या खाटेवर पडल्या पडल्या गृहीत धरलं होतं. आणि गाठ साधीच निघाली, देवाची कृपा, पण घरी आल्यावर तो शब्दसुद्धा कुणी तोंडातून काढला नाही. त्या घराची रीतच तशी होती. नवरा बस चालवायचा, दिवसभर शेकडो माणसं पाठीशी घेऊन, आणि घरी आल्यावर त्याला शब्द म्हणजे सुटे पैसे वाटायचे, मोजून द्यायचे. सासूबाई आयुष्यभर टेलिफोन केंद्रात लोकांचं बोलणं जोडून देत आल्या. स्वतःचं मात्र त्यांनी कधी कुणाला जोडून दिलं नाही. दीर दातांच्या कवळ्या बनवायचा, आणि थट्टा सोडून दुसऱ्या कुठल्या भाषेत त्याला बोलताच येत नसे. तिघंही मनाने लोण्यासारखी, पण वेळ आली की मूग गिळून बसणारी. हे तिला लग्न झाल्यापासून माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि पोटाला टाके घेऊन सोफ्यावर एकटं पडणं वेगळं. सकाळीच बहिणीचा फोन आला होता. "तिथे कुणाला तुझी पडलीय का?" बहीण फणकारली होती. "रविवारी गाडी घेऊन येते. उन्हाळा लागेपर्यंत राहा माझ्याकडे." ती नको म्हणाली नव्हती.

नको का म्हणाली नाही, हे तिचं तिलाही नीट उमगत नव्हतं. लहानपणापासून ती दुसऱ्याचं निस्तरणारी. आई आजारी असायची म्हणून धाकट्या बहिणीच्या वेण्या तिने घातल्या, आणि पुढे नोकरीही लागली ती ग्रंथालयाच्या दुरुस्ती-खोलीत, जिथे फाटलेली, विरलेली, कणा मोडलेली पुस्तकं यायची आणि ती त्यांना दोरा, खळ आणि पातळ कागद लावून पुन्हा उभी करायची. तिथे तिला सगळे बांधणीबाई म्हणत. 'बांधणीबाईंकडे द्या' म्हटलं की काम झालंच. हे ऐकायला गोड लागायचं, पण त्यातून एक खोड जडली होती. आपलं काही हवं असेल तर ते मागायचं नाही, समोरच्याने ओळखावं. आणि समोरच्याने ओळखलं नाही की आतल्या आत हिशेब मांडत बसायचं. दवाखान्यात रात्रपाळीची नर्स उशी सारखी करायला आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते दुखण्याने नव्हे. कुणीतरी न सांगता आपली उशी सारखी करतंय, याचं तिला नवल वाटलं होतं.

झाडाला घरात सगळे पाहुणी म्हणत. वरच्या मजल्यावरचा एक शिंपी गाव सोडून गेला तेव्हा 'चार दिवस ठेवा, मग घेऊन जातो' म्हणून त्याने गुडघ्याएवढं रोप दारात आणून ठेवलं होतं. तो परत आला नाही आणि पाहुणी गेली नाही. मुळात ही झाडं गरम, ओलसर प्रदेशातली. बारा महिने उकाडा, पाऊस, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढायचं, हे त्यांचं माहेर. आणि नांदायला आली ती अशा शहरात, जिथे हिवाळ्यात दुपारीच दिवे लागतात आणि खिडकीची काच हाताला चावते. पहिल्या हिवाळ्यात पाहुणीने निम्मी पानं टाकली. तेव्हापासून बांधणीबाईने तिचे लाड शिकून घेतले. थंडी सुरू झाली की कुंडी हीटरपासून लांब सरकवायची, कारण त्या कोरड्या झळीने पानांच्या कडा करपतात. पण इतकीही लांब नाही की पानं गार काचेला टेकतील. ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचं, कारण उजेड आधीच कमी, त्यात धुळीचा पडदा कशाला. खत बंद. बशीत खडे आणि खड्यांत थोडं पाणी, तेही खड्यांच्या खाली, म्हणजे हवेला ओल मिळेल आणि बुडाला लागणार नाही. आणि सगळ्यात मोठा नियम, जो ती घरच्यांना दर हिवाळ्यात ऐकवायची आणि घरचे दर हिवाळ्यात माना डोलवायचे: आधी बोट, मग पाणी. बोटाचं दुसरं पेर बुडेपर्यंत माती कोरडी लागली तरच घालायचं, नाहीतर हात मागे घ्यायचा. थंडीत झाड झोपेत असतं, झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओततात का? ग्रंथालयातही ती नव्या मुलींना हेच शिकवायची, की पुस्तकाला वाळवीपेक्षा ओल जास्त खाते. असं सगळं मुखोद्गत असलेली ही बाई त्या दुपारी सोफ्यावरून उठली, एका हाताने पोट धरून स्वयंपाकघरात गेली, तांब्या भरला आणि बोटबीट काही न घालता पाहुणीच्या बुडाशी रिता केला. मनात एकच चाललं होतं. मी नव्हते, तर एकालाही हिची आठवण झाली नाही. घोटभर पाणीसुद्धा नाही. तहानेने मेली बिचारी. ओतताना तिला रडू येत होतं, आणि ते झाडासाठी नाही हे तिला ठाऊक होतं. बशी काठोकाठ भरली तरी तिच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिला जाग आली ती नवऱ्याच्या चाहुलीने. घरी आल्यापासून ती सोफ्यावरच झोपत होती, कारण तिथून उठणं सोपं पडे. पहिली बस त्याची असायची. तो अंधारात, दिवा न लावता, चोरपावलांनी आवरायचा. तिने डोळे मिटलेलेच ठेवले. त्याच्याशी काय बोलायचं? बहिणीकडे जातेय, हे? तो उशाशी येऊन उभा राहिला, इतका जवळ की त्याच्या कोटाचा वास आला. मग बुडबुड असा आवाज झाला. पाण्याचा. तिने पापण्या किलकिल्या केल्या. तो दाढीच्या मगातून पाहुणीला पाणी घालत होता, अगदी बारीक धारेने, आवाज होऊ नये म्हणून मग कुंडीच्या कडेला टेकवून. आणि घालता घालता तो बोलत होता. हा माणूस, जो फोनवर 'हं' आणि 'ठेवतो' एवढंच म्हणतो, तो झाडाशी बोलत होता. "काल चांगली झोपली," तो पुटपुटला. "कण्हली नाही रात्रीत. परवा दोनदा कण्हली होती. आज पुलाचा रस्ता बंद आहे, मला फिरून जावं लागणार, उशीर होईल. तेवढं लक्ष ठेव." त्याने रिकामा मग कोटाच्या खिशात घातला, तिच्या पायावरची सरकलेली शाल एका बोटाने वर ओढली, आणि दार लावताना कडी हाताने धरून हळू सोडली.

ती तशीच पडून राहिली. छातीत काहीतरी वितळत होतं आणि तिला ते आवडत नव्हतं, कारण वितळलं की हिशेब बिघडतो. तिने स्वतःला बजावलं की एकदा पाणी घातलं म्हणजे काय मोठंसं झालं. पण 'परवा दोनदा कण्हली' हे त्याला कसं कळलं? म्हणजे तो शेजारच्या खोलीत जागा होता. म्हणजे मी इथे कुशी बदलत असताना भिंतीपलीकडे तोही पडून होता, कान लावून, आणि उठून यायचं धाडस त्याला झालं नाही. मलाही हाक मारायचं झालं नाही. सकाळभर ती हेच उलटसुलट करत राहिली. खाली रस्त्यावर बसगाड्या जात होत्या, हीटर मधूनच टकटक करत होता, कुंडीभोवती दोन-तीन बारीक चिलटं भिरभिरत होती. थंडीत चिलटं कुठून आली, असं तिला वाटून गेलं, पण ती विचारात होती, ते वाटणं तसंच निसटलं.

दुपारी सासूबाईंची झोप झाली. गुडघे धरत धरत त्या बाहेर आल्या, आणि ही झोपली आहे असं समजून त्यांनी औषधाचा पेला दोनदा नळाखाली भरून पाहुणीच्या बुडाशी ओतला. दुसऱ्यांदा वाकताना त्यांच्या तोंडून 'आई गं' निघालं. "दोन घोडे पोसलेत," त्या दातांतल्या दातांत बोलल्या, "एकाला म्हणून आठवण नाही. हिने डोळ्यांत तेल घालून वाढवलेलं झाड, आणि आल्यावर काय बघायला मिळालं असतं?" मग त्यांनी पिवळं पान तोडलं आणि पदराआड धरून नेलं, सुनेला दिसू नये म्हणून. आता मात्र तिला हसू यायला लागलं होतं. रजईच्या कडेत तिने तोंड खुपसलं. आणि संध्याकाळी दीर कामावरून आला, इकडे तिकडे बघितलं, पिशवीतून कवळ्यांचं प्लास्टर कालवायचं मापाचं भांडं काढलं, ते नळाखाली भरलं आणि चवड्यांवर चालत सोफ्याच्या उशाशी आला, तेव्हा तिला राहवलंच नाही.

"भावजी!"

भांडं निसटलं. निम्मं पाणी कुंडीत, निम्मं त्याच्या मोज्यांवर.

"वहिनी, जाग्या आहात होय," तो म्हणाला. "मी आपलं... हे... तहान लागली होती मला."

"आणि झाडातून पिणार होतात?"

ती हसायला लागली. हसलं की टाके ओढले जात, ओढले की कळ येई, कळ आली की डोळ्यांतून पाणी. एका हाताने पोट आवळून ती हसत होती आणि रडत होती, आणि त्यातलं कुठलं किती ते तिलाच कळत नव्हतं. दीर घाबरून "आई! आई, लवकर ये!" म्हणून ओरडला. सासूबाई लगबगीने आल्या, त्याच वेळी नवरा दारात, अजून गणवेशात, चेहरा पांढराफटक. "काय झालं? दुखतंय? डॉक्टरांना बोलावू?" तिने नकाराची मान हलवली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बोट न घालता जिला पाणी घातलं होतं त्या कुंडीत आता बोट घातलं. माती नव्हतीच ती. चिखल होता, गार, आणि बोट बाहेर काढलं तर त्याला कुबट वास. बशीतले खडे कधीच बुडाले होते.

"किती दिवस घालताय पाणी?" तिने विचारलं. "तिघांनाही विचारतेय."

तिघं एकमेकांकडे बघू लागली.

"तिघं म्हणजे?" सासूबाई म्हणाल्या. "मी एकटीच घालतेय, तू गेलीस त्या दिवसापासून. या दोघांना झाड आणि टोपी टांगायचा खांब यातला फरक तरी कळतो का?"

"आई, मी घालतोय," नवरा म्हणाला. "रोज सकाळी. तुला वाकता येत नाही म्हणून."

"दादा, तू डबल ड्यूटी करत होतास," दीर म्हणाला. "मला वाटलं, तुझ्या लक्षात कुठे राहणार. म्हणून मी."

"आणि बशी भरलेली दिसत नव्हती कुणाला?"

"मला वाटलं, ते माझंच," तिघंही जवळजवळ एकदमच म्हणाली.

सासूबाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे आपणच मारलं गं हिला," त्या हळूच म्हणाल्या. "अति तिथे माती म्हणतात, इथे तर मातीचासुद्धा चिखल केला." त्यांचा आवाज कापला, आणि बांधणीबाईच्या लक्षात आलं की तो झाडासाठी कापत नाहीये. ती दवाखान्यात होती तेव्हा या घरात रोज तीन वेळा, तीन माणसांनी, एकमेकांपासून लपवून, जे बोलता येत नव्हतं ते या कुंडीत ओतलं होतं. लखलखीत घर, झाकणं लावलेली भांडी, वारांच्या डब्यांतल्या गोळ्या, तेही सगळं तेच होतं. आणि ती मात्र एवढे दिवस वाट बघत बसली होती की कुणीतरी येऊन म्हणेल, आम्ही घाबरलो होतो. तिला इतकं कृतज्ञ वाटलं की लाजच वाटली. आपल्याला केवढं मिळत होतं, आणि आपण तहानेने मेलो म्हणत होतो. तिने तिथूनच बहिणीला फोन लावला. "रविवारी येऊ नकोस," ती म्हणाली. "म्हणजे ये, पण जेवायला ये. मी कुठे जात नाहीये." पलीकडे बहीण काहीतरी फणकारली. नवरा गणवेशाचं बटण सोडता सोडता थांबला. ती जाणार होती हे त्याला तेव्हाच कळलं. तो भिंतीला हात लावून उभा राहिला.

"बघता काय नुसते?" ती म्हणाली. "अजून गेलेली नाही ती. मला उचलता येणार नाही, तुम्ही उचला."

स्वयंपाकघराच्या फरशीवर जुनी वर्तमानपत्रं अंथरली. भावांनी दोन बाजूंनी धरून पाहुणीला आडवी केली आणि कुंडी ओढून काढली. वास आला तसा दिराने नाकाला रुमाल लावला. "दातांचंही असंच असतं, वहिनी. वरून चकाकी, आणि मूळ सडलेलं." ती खुर्चीवर बसून उंटावरून शेळ्या हाकत होती: काळं, बुळबुळीत दिसेल ते कापा, पांढरं आणि कडक असेल ते ठेवा, कात्री दर वेळी स्पिरिटने पुसा. नवरा मान खाली घालून कापत होता, ज्या हातांनी एवढी मोठी बस वळवायचा त्या हातांनी, केसाएवढी मुळं. खूप कापावं लागलं. निम्म्याहून जास्त. शेवटी मूठभर मुळं उरली तेव्हा त्याने वर पाहिलं आणि विचारलं, "राहील का गं?" त्याचा आवाज असा होता की ती खोटं बोलू शकली नाही. "खोडाला नखाने जरा ओरखडा," ती म्हणाली. त्याने ओरखडलं. क्षणभर काहीच नाही. मग ओरखड्यातून पांढऱ्या चिकाचा एक थेंब हळूहळू वर आला आणि तिथेच थबकला. "जिवंत आहे," ती म्हणाली. "वाचेल की नाही ते उन्हाळ्याच्या तोंडाशी कळेल. पण आज जिवंत आहे." दिराने तोंड फिरवून नाक शिंकरलं आणि थंडीला शिव्या घातल्या.

लहान कुंडी, कोरडी माती, थोडी वाळू. पाहुणी परत सोफ्याच्या उशाशी उभी राहिली, पानांनी अर्धी झालेली, काठीला बांधलेली. बांधणी तेवढी तिने स्वतः केली, सुती दोऱ्याने, सैलसर गाठ मारून. आणि मग फर्मान काढलं: मी सांगेपर्यंत या झाडाला कुणी थेंबभर पाणी घालायचं नाही. सकाळी नाही, दुपारी नाही, तहान लागली म्हणून तर नाहीच नाही.

तिघंही समोर उभी होती, मातीने भरलेले हात तसेच लोंबत ठेवून. सासूबाई म्हणाल्या, "मग आम्ही करायचं तरी काय?" आणि त्या खरंच विचारत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

"बसा इथे," ती म्हणाली. "माझ्याशी बोला."

खुर्च्या ओढण्याचा आवाज झाला. दिराने एक विनोद तोंडात घोळवला आणि गिळून टाकला. नवरा गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, नखांतली माती बघत. तिला वाटलं, जमणार नाही याला. आणि जमलं नाही तरी चालेल, असंही वाटलं, कारण आता तिला माहीत होतं. पण तो बोलला.

"त्या दिवशी डॉक्टर बाहेर आले ना," तो म्हणाला, "ते बराच वेळ मला काहीतरी सांगत होते. मला एक शब्द ऐकू आला नाही. मी त्यांच्या बुटांकडे बघत होतो. एका बुटाची नाडी सुटली होती."

"अरे, मग घरी येऊन मला 'सगळं ठीक आहे' म्हणालास ते?" सासूबाईंनी विचारलं.

"मला माहीतच नव्हतं, आई. मी ते बसमध्ये बसून ठरवलं."

सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बांधणीबाईने रजई बाजूला केली, सोफ्याच्या कडेला सरकून त्याच्यासाठी जागा केली आणि म्हणाली, "पुढे सांगा."